नवद्वारांची लीळा आणि हरसूल परिसरातील लेकीबाळी

लीळाचरित्रातील काही लीळा आकाराने अगदी लहान आहेत, परंतु त्यांतून निघणारा आचार मोठा आहे. स्त्रियांच्या मासिक विटाळाविषयी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी केलेले निरूपण अशांपैकी होय. सन्निधानी असलेल्या एका स्त्रीच्या प्रसंगाने विषय निघाला. तेथे स्वामींनी जे सांगितले त्याचा आशय असा : देहाला नऊ द्वारे आहेत, नाकातून, डोळ्यांतून, कानांतून जसा मळ येतो तसाच हाही एक धातू स्रवतो आणि पुढे आपोआप थांबतो, त्याचा विटाळ धरू नये.

या निरूपणात प्रथम लक्ष वेधून घेते ती युक्तिवादाची जात. तेराव्या शतकात देवगिरीच्या छायेत हेमाद्रिपंडिताच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’सारख्या ग्रंथात व्रते, दाने, श्राद्धे यांचा अफाट विस्तार मांडला जात होता. शुद्धाशुद्धतेच्या एका वचनाला दुसऱ्या वचनाने उत्तर देण्याची त्या काळी रीत होती. स्वामींनी येथे वचनाला वचन दिलेले नाही. त्या बाईला तिच्याच देहाकडे पाहावयास लावले आहे. डोळ्यांत चिपूड आले म्हणून कोणी चार दिवस घराबाहेर बसत नाही, पडसे झाले म्हणून कोणाच्या हातचे पाणी वर्ज्य होत नाही. मग या एका स्रावालाच विटाळ हे नाव कोणी दिले, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. आणखी असे की, विटाळ धरणाऱ्या त्या स्त्रीची स्वामींनी थट्टा केलेली नाही, तिच्या माहेरच्या-सासरच्या चालीरीतींना शिव्या दिलेल्या नाहीत. ती जे करीत होती ते तिला लहानपणापासून शिकविले गेले होते. शिकविलेले चुकीचे आहे एवढे तिला समजावून दिले आणि तिला पूर्ववत सर्वांमध्ये बसविले. जुने प्रायश्चित्त काढून त्याच्या जागी नवे बसविले असते तर नाव बदलले असते, विटाळ मात्र राहिला असता.

ज्या सिद्धांतावर हे निरूपण उभे आहे तो वासनिकांना परिचित आहेच. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र आहेत. स्त्रीत्व आणि पुरुषत्व हे देहाचे, आणि देह हा प्रपंचाच्या बाजूचा. बद्ध जीव अविद्येने बांधलेला आहे. तो स्त्रीदेहात अधिक बांधलेला आणि पुरुषदेहात कमी बांधलेला, असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही. स्त्रिया सन्निधानी येतात याविषयी पुरुषांकडून कुरकुर निघाली असता स्वामींनी केलेला प्रतिप्रश्न प्रसिद्ध आहे. तुमचा तेवढा जीव आणि यांचा काय कोणी लहानगा, निराळ्या जातीचा जीव? तुमचा देव एक आणि यांचा दुसरा आहे काय? असा त्याचा आशय. देहाच्या धर्मामुळे जर जीवाचा अधिकार खंडित होत नसेल, तर महिन्यातील चार दिवस तो खंडित होतो असे म्हणावयास आधार उरत नाही. अनुसरण घेण्याचा आणि भिक्षाव्रताने राहण्याचा मार्ग स्त्रियांना त्या काळी मोकळा झाला तो याच आधारावर.

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. आचारसूत्रांत साधकाने स्त्रीसंगापासून दूर राहावे असे कडक निर्देश आहेत. चित्रातील स्त्रीदेखील पाहू नये इथपर्यंत ते जातात. मग पंथ स्त्रीला हीन मानतो असे का म्हणू नये? उत्तर त्या सूत्रांच्या रोखात आहे. विकार ज्याच्या मनात उठतो त्याला ती सूत्रे उद्देशून आहेत. चित्रातील स्त्रीला विटाळ नसतो आणि तिच्यात दोषही नसतो; दोष पाहणाऱ्याच्या दृष्टीत. त्या निर्देशाचा आधार घेऊन जर कोणी स्त्रीला मठाच्या ओट्यावरून उठवील किंवा पोथीपासून दूर ठेवील, तर त्याने सूत्राचा रोख स्वतःवरून काढून दुसऱ्यावर वळविला असे होईल. संयमाचे बंधन आणि विटाळाचे बंधन ही एकाच पोत्यात भरल्यामुळे मोठा घोटाळा झाला आहे, आणि तो पंथाबाहेरच झाला असे म्हणता येत नाही.

पंथाच्या इतिहासात स्त्रियांचे स्थान केवळ अनुग्रहाचे नाही. महदाईसा सतत प्रश्न विचारीत. त्यांची जिज्ञासा स्वामींनी वाखाणली आहे, आणि लीळाचरित्रातील कितीतरी निरूपणे त्यांनी विचारले म्हणूनच घडली. त्यांनी मौन धरले असते तर शास्त्राचा तेवढा भाग उणा राहिला असता. हिराईसेच्या स्मरणातून आलेला पाठ लीळाचरित्राच्या पाठपरंपरेत तिच्या नावाने ओळखला जातो. केशोबास संस्कृतात रचना करू इच्छीत होते तेव्हा भटोबासांनी त्यांना आवरले. स्मृतिस्थळात नोंदलेले त्याचे कारण असे की, त्यामुळे वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. एखाद्या धर्मपरंपरेने आपल्या ग्रंथांची भाषाच म्हाताऱ्या बायकांच्या सोयीने ठरवावी, ही गोष्ट इतिहासात फार ठिकाणी आढळणार नाही.

एवढे पाहिल्यानंतर प्रस्तुत काळाकडे वळावयाचे. स्त्रियांचे हक्क वाढवावेत आणि परंपरेचाही मान राखावा, असे आज सर्वत्र म्हटले जाते. म्हणणे सोपे आहे. ते जेथे खरोखर कठीण होते असा एक मुलूख नाशिक जिल्ह्यातच आहे. तो म्हणजे हरसूल. छत्रपती संभाजीनगरलगतचे हरसूल निराळे. हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातील, ब्रह्मगिरीच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेकडे उतरत जाणाऱ्या डोंगराळ भागातील बाजारगाव. ज्या ब्रह्मगिरीवरून निघालेल्या गोदेच्या तीराने स्वामींचे परिभ्रमण झाले, त्याच्याच पाठीकडचा हा प्रदेश. येथले पाणी मात्र पश्चिमेच्या समुद्राकडे जाते. महादेव कोळी, कोकणा आणि वारली यांची वस्ती मोठी. भात, नागली, वरई ही पिके. पावसाळा सरला की कामाच्या शोधात नाशिककडील द्राक्षबागांत जाणारी कुटुंबे. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील हा अनुसूचित प्रदेश असल्याने १९९६ सालचा पेसा कायदा येथे लागू आहे. आपल्या समाजाच्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे तो कायदा सांगतो. म्हणजे परंपरेचा मान ही येथे नुसती भावना नाही. तिला कायद्याचे बळ आहे.

२०२२ सालच्या जुलै महिन्यात याच तालुक्यातील एका शासकीय आश्रमशाळेतील आदिवासी विद्यार्थिनीची तक्रार वृत्तपत्रांतून गाजली. मासिक पाळी असताना झाड लावलेस तर ते जगणार नाही, असे सांगून वृक्षारोपणापासून आपल्याला बाजूस ठेवले, असा तिचा आरोप होता. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, चौकशी झाली, आरोपाच्या खरेखोटेपणावर वादही झाला. त्या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु बातमी वाचून महाराष्ट्रातील कोणत्याही घराला ती समजुत नवी वाटली नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ‘कावळा शिवला’ असे म्हणून लोणच्याच्या बरणीपासून, पापडाच्या लाटीपासून आणि देव्हाऱ्यापासून मुलीला दूर ठेवणारी घरे शहरांतही आहेत. तेव्हा अशी समजूत आदिवासींच्या माथी मारून मोकळे होणे हा सरळ अन्याय होईल. रोपाला पाणी लागते, ऊन लागते, बकरीपासून राखण लागते. लावणाऱ्या हाताची पाळी रोपाला कळत नाही. सातशे वर्षांपूर्वी नवद्वारांच्या निरूपणात सांगितलेली गोष्ट एका शाळकरी मुलीला आज वर्तमानपत्रात मागावी लागली, हा योगायोग पंथीयांना अस्वस्थ करणारा आहे.

विटाळाची चाल जेथे अधिक कठोर आहे तेथील अनुभवही पाहावा. गडचिरोली जिल्ह्यातील माडिया गोंडांत पाळीच्या दिवसांत स्त्रीने गावाबाहेरील कुर्माघरात राहावयाचे असते. ती झोपडी बहुधा मोडकी, पावसात गळणारी. काही संस्थांनी तेथे पक्की, स्वच्छ कुर्माघरे बांधून दिली, कारण चाल एकदम सुटत नाही आणि तोवर बाई सापाविंचवापासून तरी वाचावी. दुसरा पक्ष म्हणतो की, विटा-सिमेंटने चाल पक्की होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. नेपाळात छाउपडी नावाची अशीच चाल. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तिच्याविरुद्ध निर्देश दिले, २०१७ साली ती शिक्षापात्र करणारा कायदा झाला, तरी त्यानंतरही झोपड्यांत स्त्रियांचे मृत्यू घडले. कायदा हवाच. पण ज्या बाईच्या मनात पाप लागण्याची भीती बसली आहे, तिला शिपायाने झोपडीबाहेर काढले तरी ती रात्री परत आत जाते. स्वामींनी त्या बाईची भीती काढली. झोपडीचा प्रश्न त्यांच्यापुढे उरलाच नाही. चांगले कुर्माघर बांधणारा दयाळू असेल, परंतु काम त्याच्या पुढचे आहे.

हरसूलच्या परंपरेकडे बाहेरून पाहणारा तिला एकजिनसी समजतो, ही दुसरी चूक. वारली समाजात लग्न लावण्याचा मान धवलेरीचा असतो, आणि धवलेरी ही स्त्री असते. तिची गाणी झाल्याशिवाय विधी पुरा होत नाही. रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी महदाईसांनी विवाहप्रसंगी गाइलेले ‘धवळे’ हे मराठीतील स्त्रीरचित काव्याचे आद्य लेणे. वारल्यांच्या धवलेरीच्या नावातही लग्नगीताचा तोच शब्द ऐकू येतो. नागर समाजात लग्नाच्या बोहल्यावर पौरोहित्य करणारी स्त्री अलीकडे कौतुकाचा विषय झाली. डोंगरातील वारल्यांना त्यात कौतुक वाटण्याचे कारण नव्हते. हुंड्याऐवजी देजाची रीत, विधवेला पुन्हा संसार मांडण्याची मोकळीक, याही गोष्टी आदिवासी परंपरेतच आहेत. या बाबतीत हरसूलने नाशिकला शिकवावे अशी स्थिती.

जमिनीच्या बाबतीत मात्र चित्र पालटते. १९५६ सालचा हिंदू उत्तराधिकार कायदा केंद्र शासनाने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही, असे त्याच्या दुसऱ्या कलमातच म्हटले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हक्क दिला. त्या सुधारणा या कायद्याच्याच असल्याने हरसूलच्या आदिवासी मुलीपर्यंत त्या आपोआप पोहोचत नाहीत. तिचा वारसा रूढीवर ठरतो, आणि रूढी म्हणजे काय हे बहुधा भाऊ आणि चुलते सांगतात. मुलगी परक्या घरी जाते, तिच्याबरोबर जमीन जमातीबाहेर जाईल, अशी भीती दाखविली जाते. ही भीती अगदीच पोकळ नाही. आदिवासींच्या जमिनी लबाडीने गेल्याचा इतिहास ताजा आहे. परंतु आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये यासाठी १९७४ सालापासून राज्याच्या महसुली कायद्यात स्वतंत्र कडक बंधने आहेत. जमिनी गेल्या त्या बहुतांशी पुरुषांच्या सह्या-अंगठ्यांनी, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

न्यायालयांपुढे हा प्रश्न अनेक वर्षे आहे. १९९६ साली मधू किश्वर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने आदिवासींचे वारसानियम रद्द केले नाहीत, मात्र त्या जमिनीवर उपजीविका असलेल्या स्त्रियांना संरक्षण दिले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्राला या अपवादाचा फेरविचार करण्यास सुचविले. १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात निर्णय आला तो या लेखाच्या विषयाशी अगदी निगडित आहे. खालच्या न्यायालयांनी स्त्रीच्या वारसांना म्हटले होते की, मुलीला हिस्सा देणारी रूढी तुम्ही सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने ही मांडणीच चूक ठरविली. मुलीला वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल तर समानतेचे तत्त्व लागू होईल आणि तिला हिस्सा मिळेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हिमाचल प्रदेशातील प्रकरणात, हिंदू उत्तराधिकार कायदा अधिसूचनेविना जमातींना लावता येत नाही हेही त्या न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे स्थिती कळते : बाहेरचा कायदा जमातीवर लादता येत नाही, पण जमातीच्या नावाने कोणी काहीही सांगावे आणि ते मानले जावे असेही नाही. नवद्वारांच्या लीळेतील युक्तिवादाशी हा विचार जुळतो. विटाळ आहे असे जो म्हणतो त्याने तो दाखवावा. नाही म्हणणाऱ्या बाईकडून पुरावा का मागावा?

वनजमिनीच्या बाबतीत कायदा एक पाऊल पुढे आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानुसार विवाहित दावेदाराचा हक्क पती आणि पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवावा लागतो; कुटुंबप्रमुख एकटी स्त्री असेल तर तो तिच्या नावे होतो. गावाच्या वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश सदस्य स्त्रिया असाव्यात असाही नियम आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस जो शेतकऱ्यांचा पायी मोर्चा गेला त्यात या डोंगरपट्ट्यातील आदिवासी स्त्रिया मोठ्या संख्येने चालल्या. पायांना फोड आलेल्या त्या बायांची छायाचित्रे देशभर छापली गेली. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी ही त्यांची मुख्य मागणी. ज्या प्लॉटसाठी त्या चालल्या त्याच्या दाखल्यावर दुसऱ्या नावाची ओळ भरलेली आहे की नाही, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून घेण्याजोगे आहे. अशा ग्रामसभेत स्त्रिया बोलतात तेव्हा त्या परंपरेविरुद्ध बोलतात असे समजण्याचे कारण नाही. धवलेरीचा जो समाज आहे, त्याच समाजातल्या त्या बाया. परंपरा काय आहे हे सांगण्याचा अधिकार त्यांना चुलत्यांइतकाच आहे. महदाईसांनी विचारले आणि शास्त्र वाढले. त्यांनी पंथ सोडला नव्हता.

येथे वाचकाला वाटेल की, हा सारा विचार डोंगरापलीकडच्या लोकांचा झाला. तसे नाही. वासनिकांपैकी बहुतेक कुटुंबांना १९५६ चा कायदा आणि त्यानंतरच्या सुधारणा लागू आहेत. त्यांच्या मुलींना भावांइतकाच हिस्सा आहे, आणि तो मिळवण्यासाठी कोणतीही रूढी सिद्ध करावी लागत नाही. तरीही बाप वारल्यावर सातबारावर वारस लावताना बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. बहीण हसत सही करते, कारण न केली तर माहेरचे दार बंद होईल हे तिला ठाऊक असते. पुढे भाऊबीजेला साडीचोळी येते. हरसूलच्या आदिवासी बहिणीला कायदा अपुरा पडतो. येथे कायदा पुरेसा असून तो बहिणीच्याच हाताने परत केला जातो. धर्माचा यात काही संबंध नाही असे म्हणून पंथीयांना सुटता येणार नाही, कारण ती सही प्रेमाच्या आणि संस्काराच्या नावाखाली घेतली जाते.

आणि विटाळाचे काय? पोथीला हात लावू नकोस, नामस्मरण मनातल्या मनात कर, आरतीला मागे उभी राहा, असे जेथे जेथे उपदेशी घरांतून मुलींना सांगितले जाते, तेथे ते सांगणारी बहुधा आजी किंवा आईच असते. तिच्यावर रागावून उपयोग नाही. स्वामी त्या बाईवर रागावले नव्हते. तिच्यासमोर ही लीळा वाचावी. चातुर्मासातील नित्यवाचनात ती पुष्कळदा वगळली जाते, बायकांपुढे असला विषय कसा काढावा म्हणून. ज्यांच्यासाठी ती सांगितली त्यांच्यापुढेच ती वाचली जात नाही. वाचणारा पुरुष संकोचत असेल तर घरातल्या लेकीने पोथी हाती घ्यावी आणि तिनेच ती वाचावी, मग त्या दिवशी तिची पाळी असो वा नसो.